छातीचा एक्स-रे नॉर्मल, तरी डोळ्यात टीबी: इचलकरंजीच्या एका पेशंटची केस

डोळ्याचा टीबी ओळखताना सगळ्यात मोठी अडचण ही की जंतू हाती लागत नाही. फुप्फुसाच्या टीबीत बेडका घेतला, सीबीनॅटला (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनला) लावला की बऱ्याचदा त्याच दिवशी उत्तर मिळतं, डोळ्यात बेडका नाही, जंतू असलेच तर अगदी थोडे, आणि पडद्याचा (रेटिनाचा) तुकडा काढून बघायची सोय नाही. मग चार-पाच अर्धे पुरावे एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो. माझं म्हणणं एवढंच की यात आधी डोळा नीट बघायचा आणि मग टेस्ट लावायच्या, कारण आपल्याकडे मॅन्टू (हातावर टोचून करायची टीबीची टेस्ट) कितीतरी धडधाकट माणसांची पॉझिटिव्ह येते आणि डोळ्याच्या टीबीत छातीचा एक्स-रे कितीदा तरी स्वच्छ येतो, त्यामुळे नुसत्या टेस्टच्या मागे लागलं तर दोन्हीकडून फसायला होतं. ही केस त्यासाठीच पूर्ण लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पेशंट २९ वर्षांची, इचलकरंजीत कापडाचं मेंडिंग करणारी. म्हणजे लूमवरून आलेलं कापड टेबलावर पसरून विणकामातले दोष शोधायचे आणि चिमट्याने-सुईने नीट करायचे, दिवसभर बारीक नजरेचं काम. तिची तक्रार होती, "मॅडम, दोरा मधनंच गायब हुतोय. तुटलाय म्हणून हात लावला तर तुटलेला नसतोय." हे डाव्या डोळ्याने, जवळजवळ तीन महिने. दुखणं नाही, लाली नाही, चिकट नाही, त्यामुळे घरच्यांना वाटलं नंबर लागला असेल. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून झाला, फरक नाही. मग एका ठिकाणी "पडद्याला सूज आहे" म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या, आठ-दहा दिवसांत छान वाटायला लागलं, गोळ्या संपल्या आणि पंधरा दिवसांत डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. स्टिरॉइड चालू करण्याआधी कुठलीच रक्ततपासणी केलेली नव्हती.

स्टिरॉइडने बरं वाटणं आणि बंद केल्यावर उसळून येणं ही गोष्ट फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे. त्यातून टीबी सिद्ध होत नाही, पण नुसती इम्युनिटीची गडबड म्हणून महिनोन्महिने स्टिरॉइड ओतत राहायच्या आधी थांबून विचार करायला लावणारी खूण ती नक्की आहे.

नजर उजवी ६/६, डावी ६/३६. पुढचा भाग शांत, बुबुळावर मागून साठणारे मेणचट ठिपके नाहीत, बाहुली गोल, कुठे चिकटलेली नाही. डाव्या डोळ्याच्या व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या आत भरलेल्या जेलीत) थोड्या पेशी तरंगत होत्या. बाहुली मोठी करून पडदा बघितला तेव्हा खरं चित्र दिसलं. मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या भागाच्या) बाहेरच्या बाजूने करडे-पिवळसर डाग, काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले, मधला भाग बरा होत आलेला, तिथे काळसर पिगमेंट, आणि कड मात्र जाड, पिवळट, वळणावळणाची. वाळक्या गवताला लागलेली आग कडेकडेने पुढे सरकते आणि मागे जळकी जमीन राहते तसं. ही कड फोव्हियाच्या, म्हणजे सगळ्यात बारीक नजरेच्या मध्यबिंदूच्या, अगदी जवळ येऊन पोचली होती. ऑप्टिक डिस्कच्या, म्हणजे नजरेची नस पडद्याला जोडते त्या जागेच्या, भोवती काहीच नव्हतं.

मग उजवा डोळा. तिच्या दृष्टीने तो एकदम ठणठणीत, ६/६, तक्रार शून्य. पण खालच्या परिघात एक जुना बरा झालेला व्रण सापडला, पिगमेंटची कड असलेला. म्हणजे आजार दोन्ही डोळ्यांत, फक्त उजव्यात कधीतरी गुपचूप येऊन गेलेला. तक्रार नसलेल्या डोळ्याची बाहुली मोठी करून परिघापर्यंत बघितलंच पाहिजे, कितीही गर्दी असली तरी. हा एक व्रण दिसला नसता तर विचाराची दिशा वेगळी झाली असती.

या चित्राला सर्पिजिनस-लाइक कोरॉइडायटिस म्हणतात. कोरॉइड म्हणजे पडद्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर. शरीरात कुठेतरी, बहुतेक वेळा छातीतल्या जुन्या गाठीत, दबून बसलेला जंतू रक्तातून इथे येतो, आणि या थरात रक्तपुरवठा प्रचंड असल्यामुळे इथेच अडकायची शक्यता जास्त. काही डोळ्यांत जंतू कोरॉइडच्या वरच्या पिगमेंट पेशींमध्ये सापडल्याचे रिपोर्ट आहेत. शिवाय जंतूपेक्षा जंतूविरुद्धची शरीराची प्रतिक्रियाच जास्त नुकसान करते असंही दिसतं, म्हणून तर स्टिरॉइडने तात्पुरतं बरं वाटतं.

याच्याशी मिळताजुळता, टीबीशी संबंध नसलेला क्लासिक सर्पिजिनस कोरॉइडायटिस आहे, त्यात औषधं एकदम वेगळी, इम्युनिटी दाबणारी. दोघांतला फरक आपल्या देशातल्या डॉक्टरांनी फार बारकाईने मांडलाय. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलमधल्या अमोद गुप्ता, विशाली गुप्ता यांच्या टीमने २००३ पासून यावर सलग लिहिलंय. क्लासिक आजार बहुधा डिस्कपासून सुरू होऊन बाहेर पसरतो, व्हिट्रियस जवळजवळ स्वच्छ असतं. टीबीवाल्यात सुरुवात बऱ्याचदा अनेक सुट्या डागांनी होते, डिस्कजवळचा भाग सुटतो, परिघातही डाग असतात आणि व्हिट्रियसमध्ये पेशी दिसतात. २०१० मध्ये याच टीमने टीबीकडे बोट दाखवणाऱ्या तीन खुणा सांगितल्या, बुबुळामागची बाहुलीभोवतीची रंगीत चकती (आयरिस) लेन्सला रुंद पट्ट्याने चिकटणं, रेटिनाच्या रक्तवाहिन्यांची सूज, आणि हा सर्पिजिनस-लाइक कोरॉइडायटिस. आपल्या पेशंटकडे तिसरी खूण अगदी स्पष्ट होती. म्हणजे टीबीचा संशय एक्स-रे किंवा मॅन्टूच्या आधी, पडदा बघूनच बळावला होता.

फोटो काढले. ऑटोफ्लुओरेसन्समध्ये (पडद्याची स्वतःची चमक टिपणाऱ्या फोटोत) चालू कडेला धूसर चमकणारी किनार, मागे बरा झालेला भाग गडद. मला हा फोटो सगळ्यात उपयोगाचा वाटतो कारण सुई नाही, डाय नाही, दोन मिनिटांत होतो आणि कड जिवंत आहे की विझली ते पुढच्या प्रत्येक भेटीत शेजारी ठेवून कळतं. अँजिओग्राफीत (डाय टोचून काढलेल्या फोटोत) चालू कड आधी काळी आणि उशिरा उजळणारी. ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) त्या जागी रेटिनाचे बाहेरचे थर विस्कटलेले, खाली कोरॉइड जाड, आणि फोव्हियाखालचा थर मात्र अजून शाबूत. या शेवटच्या ओळीमुळे घाई होती.

आता हिस्टरी. "घरात कुणाला टीबी झालाय का?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. सोबत सासूबाई होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "न्हाई ओ, आमच्यात तसलं काय न्हाई." यात कुणी खोटं बोलतंय असं मी मानत नाही, घरात लग्नाच्या मुली असतात, नातेवाईक काय म्हणतील ही भीती असते, आणि कितीतरी घरांत आजाराचं नावच घेतलेलं नसतं. म्हणून मी प्रश्न बदलून विचारते. घरात कुणी सहा महिने रोज गोळ्या घेतल्या का, ज्यांनी लघवी लाल-केशरी व्हायची? पेशंटने सासूबाईंकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मामंजींनी घेतल्या की. दोन वर्सं झाली. खोकला लई होता." रिफाम्पिसिनने लघवीचा रंग बदलतो आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतो, त्यामुळे हा प्रश्न कधी वाया जात नाही. त्या काळात सून त्याच दोन खोल्यांत राहत होती. तिचं वजनही वर्षभरात पाच-सहा किलो उतरलेलं, ४४ वर आलेलं, पण ती म्हणाली दगदगीने झालं असेल. ताप नाही, खोकला नाही.

टेस्टचा क्रम मुद्दाम ठरवला. इग्राचं (टीबीच्या जंतूशी गाठ पडली का ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्टचं) रक्त आधी घेतलं आणि मग मॅन्टू टोचली, कारण मॅन्टूचं पीपीडी (टीबीच्या जंतूची प्रथिनं) टोचल्यावर काही दिवसांनी इग्रा घेतली तर आकडा फुगू शकतो. शिवाय स्टिरॉइड थांबून काही आठवडे झालेत याची खात्री केली, कारण स्टिरॉइड चालू असताना दोन्ही टेस्ट खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. मॅन्टूसाठी ५ टीयू (युनिट) पीपीडी वापरलं आणि तसं फाईलवर लिहिलं. काही लॅब १० टीयू टोचतात आणि रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" लिहितात, अशा रिपोर्टचं काय करायचं हा प्रश्नच पडतो.

४८ तासांनी वाचन. तिच्या हातावर लाली तळहाताच्या निम्म्याएवढी दिसत होती आणि सासूबाई घाबरलेल्या, पण लाली मोजायची नसते, मोजायचा तो कडकपणा. बॉलपेन घेऊन बाहेरून मध्याकडे हळू रेघ ओढत न्यायची, जिथे पेन अडखळतं तिथे थांबायचं, दुसऱ्या बाजूने तसंच, आणि दोन टोकांमधलं अंतर हाताच्या आडव्या दिशेने पट्टीने मोजायचं. १८ मिलिमीटर आलं. लाली मोजली असती तर तीसच्या वर गेलं असतं. इग्राही पॉझिटिव्ह आली, कटऑफच्या बरीच वर. इग्राचा फायदा हा की त्यातली ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बीसीजीच्या लसीत नसतात, त्यामुळे लहानपणीच्या लसीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. हीच प्रथिनं वापरून पुण्याच्या सीरमने सीवाय-टीबी नावाची त्वचेची टेस्ट बाजारात आणलीय, तिचा कटऑफ ५ मिलिमीटर आहे. पण यातली कुठलीच टेस्ट जंतू झोपलाय की जागा आहे ते सांगत नाही. ती एवढंच सांगते की या शरीराची जंतूशी गाठ पडलेली आहे.

छातीचा एक्स-रे नॉर्मल. इथेच कितीतरी केस सुटतात, "छाती क्लिअर आहे, टीबी नाही" असं चिठ्ठीवर लिहून येतं आणि पेशंट परत स्टिरॉइडवर जातो. एक्स-रेत मध्यभागातल्या छोट्या गाठी हृदयाच्या आणि मोठ्या नसांच्या सावलीत लपतात. म्हणून डाय देऊन सीटी स्कॅन केला. त्यात श्वासनलिकेजवळ उजव्या बाजूला दीड सेंटीमीटरच्या आसपास गाठी, मध्ये काळपट, कडेने उजळणाऱ्या. मधला भाग मेल्याची ही खूण टीबीला शोभणारी, तरी सार्कॉइडोसिसचा (टीबीसारख्याच गाठी करणारा पण न लागणारा आजार) प्रश्न उरतोच, कारण तोही डोळ्यात आणि छातीच्या गाठीत एकदम येतो आणि त्यात स्टिरॉइड हाच मुख्य उपाय. सार्कॉइडमध्ये मॅन्टू बहुधा निगेटिव्ह येते आणि गाठी दोन्ही बाजूंना सारख्या असतात, इथे दोन्ही गोष्टी उलट्या होत्या. तेवढ्यावर न थांबता छातीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून सुईने गाठीचा नमुना घेतला.

दरम्यान बाकीचे नकली चेहरे तपासले. सिफिलिस तर कुठलंही सोंग घेऊ शकतो, त्यामुळे व्हीडीआरएलसोबत टीपीएचएसुद्धा, कारण जुन्या आजारात नुसती व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही निगेटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. टॉक्सोप्लाझ्माचा (एक परजीवी) व्रण दिसायला वेगळा असतो, तरी बघून घेतलं.

पुढच्या चेंबरमधलं पाणी बारीक सुईने काढून पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टला) पाठवलं. पाणी मिळतं १०० ते २०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन-चार थेंब. रिपोर्ट निगेटिव्ह. आजार पडद्याखाली आणि नमुना पुढच्या खोलीतला, त्यात जंतू मुळात कमी, मग निगेटिव्ह येणं अगदी शक्य. लॅब एकच जीन शोधते की अनेक हेही विचारावं लागतं, कारण आयएस६११० हा नेहमीचा टार्गेट आपल्याकडच्या काही जंतूंमध्ये नसतोच, म्हणून एमपीबी६४ वगैरे आणखी टार्गेट लावणारी लॅब बरी. पॉझिटिव्ह आला असता तर उपयोग झाला असता, निगेटिव्हने काहीच बदललं नाही.

गाठीचा रिपोर्ट आला, ग्रॅन्युलोमा (टीबीसारख्या आजारात बनणारा पेशींचा पुंजका), मध्ये पेशी मेलेल्या. सीबीनॅट निगेटिव्ह. कल्चर लावलेलं, त्याला सहा आठवडे, आणि फोव्हिया तोवर वाट बघणार नव्हता. (नंतर कल्चरमध्येही काही वाढलं नाही.)

तेव्हा हिशेब असा होता. ठळकपणे टीबीसारखं डोळ्याचं चित्र, दोन्ही डोळ्यांत. घरात दोन वर्षांपूर्वी टीबी. मॅन्टू आणि इग्रा दोन्ही पॉझिटिव्ह. मधून मेलेल्या गाठी आणि ग्रॅन्युलोमा. बाकी कारणं बाद. आणि एकाही कागदावर जंतू सापडल्याचं लिहिलेलं नाही. छातीच्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला, जंतू नाही तर नुसत्या डोळ्यासाठी चार औषधं कशावर सुरू करायची? यावर जगभरच्या तज्ज्ञांनी बसून काम केलंय. कॉट्स नावाच्या, डोळ्याच्या टीबीवर काम करणाऱ्या गटाने २५ सेंटरमधल्या ९६२ पेशंटचा अभ्यास केला आणि पुढे कधी औषधं सुरू करावीत यावर एकमताच्या सूचना काढल्या. सर्पिजिनस-लाइक चित्र, मॅन्टू किंवा इग्रापैकी एक पॉझिटिव्ह आणि छातीच्या एक्स-रेत किंवा सीटीत टीबीच्या खुणा असतील तर औषधं सुरू करावीत याकडे त्यांचा कौल आहे. त्यांचा ऑनलाइन कॅल्क्युलेटरही आहे, आमची माहिती भरल्यावर उत्तर औषधं द्या याच बाजूचं आलं. आपल्या सरकारी कार्यक्रमातही जंतू न सापडता डॉक्टरने ठरवलेला टीबी नोंदवता येतो. निक्षयवर (टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली, वजन ४४ म्हणून रोज तीन एकत्रित गोळ्या, सोबत पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व). पोषणाचे महिना १००० रुपयेही मिळतात, ते खात्यात येईपर्यंत आशाताईंनी पाठपुरावा केला.

औषधं चालू होऊन थोडे दिवस गेल्यावर मगच स्टिरॉइड वजनाप्रमाणे जोडलं. हा क्रम महत्त्वाचा, आणि रिफाम्पिसिनमुळे स्टिरॉइड शरीरातून लवकर निघून जातं हेही डोस ठरवताना धरावं लागतं. टीबीची औषधं सुरू करण्याआधीच दोन्ही डोळ्यांची रंगाची तपासणी इशिहाराच्या पुस्तकावर करून ठेवली, कारण त्यातल्या इथॅम्ब्युटॉलने नजरेच्या नसेला त्रास होऊ शकतो. डाव्या डोळ्यात आधीच डाग होता, तिथे नवीन बिघाड ओळखणं कठीण, म्हणून उजवा डोळा हाच आमचा मापक ठरला, दर महिन्याला तोच पुस्तकावर तपासायचा.

चौथ्या आठवड्यात कड पुन्हा सरकली. दोन नवे डाग. नवरा चिडून म्हणाला, "गोळ्यांनी वाढतंय मॅडम, बंद करू का?" निदानाची खरी परीक्षा इथे असते. तीन शक्यता, निदान चुकलं, जंतू औषधाला दाद देत नाही, किंवा जंतू मरताना शरीराची प्रतिक्रिया तात्पुरती भडकली. पाकिटं मोजली, गोळ्या बरोबर घेतलेल्या. वजन दीड किलो वाढलेलं, भूक परत आलेली, म्हणजे शरीर औषधाला साथ देत होतं. भडकण्याची वेळही तीच, पहिल्या दीड-दोन महिन्यांतली. गोळ्या तशाच ठेवून स्टिरॉइड वाढवलं. दोन आठवड्यांत कड बोथट व्हायला लागली, दहाव्या आठवड्याला ऑटोफ्लुओरेसन्समधली चमकती किनार गेली आणि पूर्ण डाग गडद झाला. औषधांना असा टिकाऊ प्रतिसाद मिळाला तो शेवटचा पुरावा, आणि तो आम्ही निर्णय घेतला त्या दिवशी हातात असणं शक्यच नव्हतं.

स्टिरॉइड हळूहळू कमी करत बंद झालं, बंद झाल्यावर डाग उसळला नाही, जो आधीच्या वेळी उसळला होता. टीबीची औषधं दोन महिने चार आणि पुढे तीन अशी एकूण नऊ महिने दिली, फुप्फुसाबाहेरच्या टीबीसाठीच्या आपल्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शनात डोळ्यासाठी सहा ते नऊ महिने सांगितलेत आणि एवढा पसरलेला आजार बघता मी लांबची बाजू धरली. डावी नजर ६/१२ वर स्थिरावली. मध्याच्या बाहेर एक पुसट पट्टा कायम राहिला, तो राहणारच, तिथले थर गेलेत. उजव्या डोळ्याची रंगाची ओळख शेवटपर्यंत नीट होती.

डोळ्याचा टीबी एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, हे सासूबाईंना वेगळं बसवून सांगितलं, कारण तिची ताट-वाटी बाजूला ठेवायला सुरुवात झाली होती. घरातल्या दोन्ही मुलांची तपासणी आणि एक्स-रे झाला, दोघंही ठीक. सासऱ्यांचाही बेडका पुन्हा तपासून घेतला, निगेटिव्ह आला. आता दर तीन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांचे ऑटोफ्लुओरेसन्स फोटो काढून जुन्यांशी ताडून बघतो, आणि तिला घरी लावायला चौकटींचा कागद दिलाय, एकेक डोळा झाकून बघायचा, रेघ वाकडी किंवा तुटकी वाटली तर तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात यायचं.